गबाळी, अजागळ, निष्काळजी: हे सगळं एकच का?

उसवण

नमस्कार. मी सांगलीत घरीच ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. शब्दांचा अभ्यास नाही माझा, पण एका शब्दानं आठवडाभर झोप उडवलीय म्हणून इथे विचारते.

माझी लेक सहावीत आहे. गेल्या मंगळवारी तिच्या डायरीत बाईंनी लाल शाईनं लिहून पाठवलं, "मुलगी गबाळी आहे. पालकांनी लक्ष द्यावे." खाली माझी सही हवी होती. मी गणिताची वही काढून बघितली. समास आखलेला नाही. दोन पानांवर ओल्या शाईवरून हात फिरलेला. कव्हर फाटून अर्ध्यावर आलंय. एका उदाहरणाला खाली जागा उरली नाही, म्हणून उत्तर बाजूला तिरकं चढवलंय. बाईंनी खोटं काही लिहिलेलं नाही. पण त्याच पानांवर वीस उदाहरणांतली अठरा बरोबर आहेत, तेही बाईंच्याच खुणांवरून दिसतं.

मी सही करत असताना लेकीनं विचारलं, "आई, गबाळी म्हणजे निष्काळजी का गं?" मला पाच वाजता एक ब्लाउज द्यायचा होता, हुक लावायचे राहिले होते. मी मान वर न करता म्हणाले, "हो, तेच." ती गप्प बसली. रात्री अंथरुणात म्हणाली, "मी प्रत्येक उदाहरण दोनदा तपासते. मग मी निष्काळजी कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "निष्काळजी नाही, अजागळ आहेस तू. आईवर गेलीस." हे मात्र खरं. माझी आई मला लहानपणी अजागळच म्हणायची. वेणी सुटलेली, परकराची नाडी लोंबतेय, फ्रॉकचं एक बटण खालच्या काजात. आजही माझ्या शिवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. चिंध्या, अस्तराचे तुकडे, रिकाम्या बॉबिन, अर्धवट उसवलेल्या बाह्या. पण मापाची वही माझी चोख आहे. आठ वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचं गळ्याचं माप विचारा, काढून देते. कापड बेतताना खडूची रेघ दोनदा तपासल्याशिवाय कात्री लावत नाही, कारण शिवण उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही.

म्हणून विचारते. गबाळा, अजागळ आणि निष्काळजी हे एकच आहेत का? वेगळे असतील तर नेमके कुठे वेगळे होतात? लेकीला मला खरं उत्तर द्यायचंय.

आणखी एक. दिरांचा मुलगा तिच्याच वयाचा. त्याचा डबा शाळेत राहतो, छत्री हरवते, दप्तरात केळं कुजतं. त्याला घरात सगळे "वेंधळा आहे" म्हणतात, आणि म्हणताना हसतात. माझ्या लेकीला "अजागळ" म्हणताना कुणी हसत नाही. हे मलाच जाणवतंय की तुम्हालाही?

पानसुपारी

ताई, मी पुण्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. तुमच्या प्रश्नात एक अख्खा लेख आहे, पण मी दोनच शब्दांवर बोलतो, कारण ते दोन मला फार आवडतात.

गबाळ हे मुळात नाम आहे. गाठोडं, बोचकं, घरातलं किडूकमिडूक सामान. "आपलं गबाळ उचल आणि चालू लाग" असं आपण अजून म्हणतो. तिथे गबाळ म्हणजे माणसाचा स्वभाव नव्हे, त्याच्या वस्तू. जुन्या काळी बिऱ्हाड हलायचं तेव्हा भांडी, गोधड्या, पाटा-वरवंटा, देवांची डबी हे सगळं चादरीत बांधून डोक्यावर घ्यायचे. त्या बोचक्यातून कुठे पळी बाहेर आलेली, कुठे गोधडीचं टोक लोंबतंय. त्या बोचक्यासारखा जो दिसतो तो गबाळा, असं मी त्याच्याकडे बघतो. म्हणजे गबाळेपणा वस्तूंच्या मांडणीचा आहे. आत काय बांधलंय त्याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. बोचक्यात सोनंही असू शकतं.

पुढे तो शब्द खाली घसरला, हे मान्य करायला हवं. "येरागबाळ्याचं काम नोहे" म्हणतो तेव्हा गबाळा म्हणजे कुणीही सोम्यागोम्या, ज्याच्यात कसब नाही असा. येर म्हणजे इतर. अव्यवस्थित दिसणाऱ्याला अकुशल समजण्याची खोड इथे दिसते. तुमच्या लेकीला जे बोचलं ते नेमकं हेच असावं. ती कसबी आहे, फक्त तिचं बोचकं सैल बांधलंय.

आता अजागळ. अजा म्हणजे शेळी, गल म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली मांसाची दोन लोंबती बोटं असतात. संस्कृतात त्यांना अजागलस्तन म्हणतात. दिसायला आचळांसारखी, पण दूध नाही. यावर एक जुनं सुभाषित आहे: धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांतलं एकही ज्याच्या हाती लागलं नाही, त्याचा जन्म शेळीच्या गळ्यातल्या स्तनांसारखा निरर्थक. म्हणजे संस्कृतात रोख निरुपयोगीपणावर होता. मराठीत येताना तो लोंबण्यावर गेला. नाडी लोंबतेय, पदर लोंबतोय, धोतराचा सोगा लोंबतोय, तो अजागळ. आपल्या बायकांनी सुभाषितातलं तत्त्वज्ञान सोडून दिलं आणि डोळ्यांना दिसणारं चित्र तेवढं ठेवलं, असं मला वाटतं. मला तरी हे चित्र सुभाषितापेक्षा जास्त भावतं.

तेव्हा अजागळ हा अंगावरच्या कपड्यांचा आणि चालण्याबसण्याचा शब्द. गबाळा हा सामानाचा, वहीचा, खोलीचा. दोन्हींत घाण असेलच असं नाही. घाण आली की गचाळ, ओंगळ हे शब्द येतात, त्यांची जात निराळी. वेंधळ्याचं लक्ष दुसरीकडे असतं, धांदरटाला घाई झालेली असते. गलथान आणि ढिसाळ हे आता बहुतेक कारभारालाच लागतात, वर्तमानपत्रांमुळे. अनागोंदी तर मुळात गावाचं नाव, तुंगभद्रेच्या उत्तर काठावर, हंपीच्या समोर.

निष्काळजी यांतला कुठलाच नाही. त्यात काळजी नसणं आहे. जी मुलगी उत्तर दोनदा तपासते तिला तो शब्द लावणं चूक आहे. कोश उघडायचीसुद्धा गरज नाही.

एक पुरवणी मात्र जोडतो, नाहीतर मी एकाच बाजूचं बोललो असं होईल. काही धंद्यांत गबाळेपणातूनच चूक जन्माला येते. आमच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हातानं जुळवायचे दिवस मी पाहिलेत. छापून झालं की प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत जायला हवा. एखाद्यानं कंटाळून 'ध' आणि 'घ' एकाच खणात टाकले की पुढच्या छपाईत 'धन' चा 'घन' झालाच. तिथे पसारा आणि चूक यांत अंतरच उरत नाही.

माणदेशी

ताई, मी माण तालुक्यातला, सातारा जिल्हा. घरात पंधरा-वीस शेळ्या कायम. पानसुपारी काकांनी सांगितलं ते वाचलं आणि राहवलं न्हाय म्हणून लिवतोय.

गळ्याला ती दोन बोटं लोंबत्यात हे खरं हाय. सगळ्या शेळ्यांना नसत्यात. करडू जन्मतं तवाच दिसतं. बोकडालाबी असत्यात. दूध न्हाय, काय न्हाय, हेबी खरं. पण त्यावरून शेळीला अजागळ म्हणायचं म्हंजे त्या जनावरावर अन्याव हाय.

शेळीइतकं चोखंदळ जनावर गोठ्यात दुसरं न्हाय. म्हशीपुढं वैरण टाकली की ती त्यातच उभी ऱ्हाती, त्यातच बसती, आन तीच खाती. शेळीचं तसं न्हाय. पाला जमिनीवर टाकला आन एकदा पायाखाली तुडवला की तोंड लावत न्हाय. वास घेती आन मान फिरवती. म्हणून आमी डहाळ्या दोरीनं वर टांगून बांधतो, तिच्या तोंडाच्या उंचीला. पाणी जरा गढूळ झालं तरी तेच. ओल्या जागंत बसत न्हाय, कोरडा दगड नायतर उंचवटा शोधती. पावसाचा थेंब पडला की पहिली शेळी आडोशाला पळती.

माझी आई म्हणायची, शेळीच्या गळ्याकडं बगू नगा, तिच्या खाण्याकडं बगा. तुमच्या लेकीला एवढं सांगा.

उसवण

माणदेशी दादा, तुमचा प्रतिसाद मी लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. डहाळ्या टांगून बांधतात हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

पानसुपारी काका, बोचक्याचं चित्र डोक्यातून जात नाही. माझ्या आजीचं बिऱ्हाड मिरजेहून सांगलीला बैलगाडीतून आलं होतं, तिच्याकडून अगदी असंच ऐकलंय. आणि 'ध'-'घ' चं पटलं. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकांचे एकाच रंगाचे अस्तराचे तुकडे एकत्र पडले की तिथेच गोंधळ होतो. म्हणून चिंध्या कितीही पडू देत, पण बेतलेलं कापड मी नावाची चिठ्ठी टाचून वेगळ्या पिशवीत ठेवते. ते मी कधी पसारा म्हणून धरलंच नव्हतं.

मुलगे आणि मुलींबद्दल कुणीच काही बोललं नाही अजून.

निवृत्त ठाणे अंमलदार

मी बोलतो, पण आधी निष्काळजीपणाबद्दल. हा शब्द मी नोकरीत हजारो वेळा लिहिला असेल.

अपघाताची फिर्याद लिहिताना एक ठरलेली ओळ असायची: "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून". खाली कलम, भारतीय दंड संहितेचं २७९. मनुष्य दगावला असेल तर ३०४ अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते अनुक्रमे २८१ आणि १०६ झाले. कलमांचे आकडे बदलले तरी हयगय आणि निष्काळजीपणा हे शब्द आमच्या कागदांतून हललेले नाहीत. त्यांचा अर्थ आमच्यासाठी पक्का आहे: जिथे काळजी घेणं तुमचं काम होतं, तिथे तुम्ही ती घेतली नाही आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतलं किंवा बेतू शकलं असतं. गबाळा, अजागळ हे शब्द मी एकाही फिर्यादीत लिहिलेले नाहीत. कायद्याला त्यांच्याशी घेणंदेणं नाही.

एक ट्रक कायम आठवतो. रात्रीची वेळ, रस्त्याच्या कडेला उभा केलेला, मागून मोटारसायकल येऊन आदळली. मुलगा एकोणीस वर्षांचा होता. पंचनाम्याला मी केबिनमध्ये चढलो. काय सांगू, देव्हाऱ्यासारखी केबिन. हार, उदबत्तीचं घर, सीटला धुतलेली पांढरी कव्हरं, पायाखाली वाळूचा कण नाही. आणि मागचा लाल दिवा तीन आठवडे बंद होता. चालकानं स्वतःच कबूल केलं. टायरमागे दगड नाही, फांदी लावलेली नाही, काही नाही. इतका टापटीप माणूस मी कमी पाहिलाय. निष्काळजी होता तो.

उलट आमच्या ठाण्यात एक मुद्देमाल कारकून होते. त्यांच्या खोलीत शिरायचं तर आडवं होऊन शिरावं लागायचं. जप्त केलेल्या सायकली, चाकू, कापडात शिवलेली गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, सगळं एकावर एक. वरिष्ठ तपासणीला आले की त्या खोलीवरून बोलणी ठरलेली. पण न्यायालयातून समन्स आलं की दहा मिनिटांत वस्तू हजर, चिठ्ठी जागेवर, लाखेचं सील शाबूत. त्यांच्या हातून एकही मुद्देमाल हरवला नाही. ताई, तुमची मापाची वही वाचली तेव्हा मला तेच आठवले.

मुलींबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझ्या घरातही तेच झालंय आणि मी ते थांबवलं नाही. मुलाचा शर्ट बाहेर आला तर "खेळून आलाय", मुलीची ओढणी घसरली तर "अजागळ". मुलगी आज चाळिशीची आहे. परवा ती म्हणाली, मी अजून पाहुणे यायच्या आधी आरशात मागून बघते, काही लोंबत तर नाही ना. मला त्याचं वाईट वाटतं.

वऱ्हाडची

मी अकोल्याची. पानसुपारी काकांनी भोंगळ सोडला, म्हणून लिहिते.

पुण्यात शिकायला आले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीवर पाचव्या दिवशी बरोबरची एक मुलगी मला म्हणाली, "किती भोंगळ राहतेस गं तू." माझी ट्रंक उघडी होती आणि कपडे पलंगावर पसरले होते, एवढंच. पण आमच्याकडे भोंगळा म्हणजे अंगावर कपडाच नसलेला, नागडा. लेकराला आंघोळीहून पळताना "भोंगळा फिरून राहिला" म्हणतात. मला वाटलं, ही मला असं काय बोलून राहिली बाप्पा! त्या रात्री जेवायला गेले नाही. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटी तिनंच विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तिच्या मनात सैल, मोकळंढाकळं एवढंच होतं.

ताई, बाईंच्या मनात नेमकं काय होतं ते त्यांनाच विचारा. मी दोन दिवस आधी विचारलं असतं तर दोन दिवस उपाशी मनानं काढले नसते.

पानसुपारी

वऱ्हाडची ताई, तुम्ही म्हणता ते सोडलंच होतं मी, आणि सोडायला नको होतं. "भोंगळ कारभार" हे शब्द मी कितीतरी मथळ्यांत जसेच्या तसे जाऊ दिले. विदर्भातला वाचक ते कसं वाचत असेल हा विचार एकदाही केला नाही.

उसवण ताईंच्या मुली-मुलांच्या प्रश्नाला भाषेच्या बाजूनं एक जोड. "वेष असावा बावळा, परी अंतरी नाना कळा" ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. तिचं मूळ दासबोधात. बावळा वेष म्हणजे साधा, गबाळा वाटेल असा. पुरुषाच्या गबाळेपणाला आपल्याकडे अशी तयार ढाल आहे. गणिताचा प्राध्यापक चुरगळलेल्या सदऱ्यात आला की लोक ही म्हण म्हणतात. एखाद्या बाईबद्दल कुणी ती म्हटलेली मी आयुष्यात ऐकलेली नाही. आणि दासबोधातल्या त्या उपदेशात पुरुष-बाई असा भेद नाही. तुमच्या लेकीला ही म्हण द्या, तिचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे.

उसवण

सगळ्यांना सांगायला परत आले.

शनिवारी शाळेत गेले. वऱ्हाडच्या ताईंचं ऐकलं आणि बाईंना सरळ विचारलं की गबाळी म्हणताना तुमच्या मनात काय होतं. मला वाटलं होतं वाद होईल. बाई थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "वर्गात बेचाळीस वह्या आहेत. तुमच्या मुलीच्या वहीत प्रश्न क्रमांक शोधायलाच मला चार-पाच मिनिटं लागतात. उत्तर बरोबर असतं, पण कुठल्या प्रश्नाचं ते कळत नाही. दोनदा मी बरोबर उत्तर चूक धरलं आणि मग तिनंच येऊन दाखवलं." हे मला लेकीनं सांगितलं नव्हतं.

मी गप्प झाले. पसारा ज्याचा त्याचा असतो हे मी इतके दिवस धरून बसले होते. माझ्या खोलीत ते खरं आहे, कारण तिथे मी एकटीच शोधते. वही दुसऱ्याला वाचायची असते. पानसुपारी काकांचे खिळे मला तिथे आठवले. मी बाईंना म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण तिनं तो शब्द निष्काळजी असा घेतलाय आणि तिला तो फार लागलाय. बाई म्हणाल्या, "तसं नव्हतं म्हणायचं मला, ती तर वर्गात सगळ्यात सावध आहे." मी म्हटलं, हेच तिला सांगाल का. त्यांनी सोमवारी सांगितलं. आणि डायरीत या वेळी लिहून आलं: "समास आखावा. प्रश्न क्रमांक समासात लिहावा." कुठलंही विशेषण नाही. लेकीनं त्याच संध्याकाळी माझी लोखंडी पट्टी घेऊन अख्ख्या वहीला समास आखले, खडूनं नाही, पेन्सिलीनं. शाईचा हात अजून फिरतोच. ती डावरी आहे. लिहिताना तिचाच हात ओल्या अक्षरांवरून जातो, हे इतक्या दिवसांत मला सुचलं नव्हतं, बाईंनाही नाही. आता जेल पेन सोडून बॉलपेन आणलंय.

अंमलदार काका, तुमच्या मुलीबद्दल वाचून मी माझ्या आईला फोन केला. भांडायला नाही. तिला विचारलं, तुला कुणी अजागळ म्हणायचं का. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझी सासू. रोज."

सासूबाईंना मी काही बोलले नाही. लेकीनंच बोलून टाकलं. त्या परत अजागळ म्हणाल्या तेव्हा तिनं टांगलेल्या डहाळीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. तेव्हापासून चार दिवस झाले, तो शब्द घरात निघालेला नाही. पाचव्या दिवसाचं मला माहीत नाही.

माणदेशी दादा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही डहाळ्या कुठल्या झाडाच्या टांगता? तिला चित्र काढायचंय आणि पानं खरी हवीत म्हणते.

माणदेशी

बोर, बाभळ, सुबाभूळ, कवा शेवरी. चित्रात बोर काढा म्हणावं. पान बारकं, गोलसर, वरून हिरवं आन खालनं पांढुरकं. काटे इसरू नका. शेळी काट्यातनं नुसतं पान उचलती, ओठ कसा करती ते बगायचं असंल तर सुट्टीत या.